पंधरावीचा बॅनर

आधी माफी मागतो. मनाच्या तब्येतीवर लिहावं असा माझा काही अधिकार नाही. मी डॉक्टर नाही, शिक्षक नाही, आणि हे लिहायला बसलोय तेव्हा माझा स्वतःचाच निकाल अडकलेला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. त्यामुळे चार ओळी लिहिल्या की वाटतं, आता मागून कुणीतरी विचारेल, तू कोण रे? तरी लिहितोय. कारण या विषयावर आमच्यासमोर येऊन बोलणारे बहुतेक सगळे पास झालेले असतात.

आम्ही अंबरनाथला राहतो. पप्पा एमआयडीसीत पॅकिंगला आहेत. आई घरी बसून जीन्सचे सुटे धागे कापते. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या कारखान्यातून गठ्ठे येतात. माझं कॉलेजही उल्हासनगरलाच, बी.कॉम. आमच्या वस्तीत बी.कॉम. कुणी म्हणत नाही. तेरावी, चौदावी, पंधरावी असं मोजतात. आईच्या मते मुलगा पंधरावीच्या परीक्षेला गेला आणि परीक्षा संपली की पंधरावी झाली. तेरावीत माझा एक विषय राहिला होता, तरी मी चौदावीत गेलोच होतो. म्हणजे कॉलेजात नापास हा प्रकारच नसतो, असं तिला वाटायचं. मीही कधी समजावून सांगितलं नाही. सोयीचं होतं ते.

पंधरावीच्या शेवटच्या परीक्षेत कॉस्टिंगचा पेपर हातात आला आणि माझे तळवे गार पडले. प्रश्न वाचत होतो, पण अक्षरं आत जात नव्हती. छाती इतकी धडधडायला लागली की पुढच्या बाकावरच्याला ऐकू जात असेल असं वाटलं. वाटलं, आता मी इथेच मरणार, तेही सगळ्यांसमोर. अर्ध्या तासानंतर बाहेर सोडतात. मी उठलो आणि बाहेर पडलो. दोन दिवसांनी इकॉनॉमिक्सचा पेपर होता. पॅड आणि पेन घेऊन घरातून निघालो आणि तीन तास एका बागेत बसून परत आलो.

"कसा गेला?" आईनं विचारलं.

"गेला," मी म्हटलं.

त्याच वर्षी कॉलेजात एक पाहुणे आले होते. तरुणांनी खचू नये, यावर बोलले. मन घट्ट करा, म्हणाले. मला तेव्हाच उठून विचारायचं होतं की सर, किती घट्ट? मी तर दोन वर्षं घट्टच करत होतो. बागेत बसलेल्या त्या तीन तासांतही तेच करत होतो. पण हात वर केला नाही. शेवटी मे महिन्यात एकटाच सरकारी हॉस्पिटलला गेलो, केसपेपर काढला, मानसोपचाराच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. आतल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "जेवतोस का नीट?" त्यावर मला रडू आलं. का, ते अजून कळलेलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. केसपेपर मी कॉलेजच्या फाइलमध्ये लपवून ठेवला. जूनमध्ये निकाल लागला. दोन विषय राहिले. तोही लपवला.

आषाढी पौर्णिमेला आमच्या बुद्धविहारात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातलं तीन महिन्यांचं ग्रंथवाचन, सुरू होतो. त्याच दिवशी पास झालेल्या मुलांचा सत्कार असतो. ट्रॉफ्या आणि बॅनर आधी सांगावे लागतात, म्हणून कमिटीतल्या बायका घरोघर जाऊन नावं लिहून घेतात. मार्कशीट कुणी मागत नाही. आईवर कोण अविश्वास दाखवणार? माझ्या आईनं सांगितलं, "झाली याची पंधरावी." मी तेव्हा घरी नव्हतो.

आदल्या दिवशी नाक्यावर आलो तर मीच मला दिसलो. आठ फूट. मामेभावाच्या लग्नातला फोटो, डोळ्यांवर गॉगल, खाली लिहिलेलं: आपल्या वस्तीचा पदवीधर, हार्दिक अभिनंदन! त्याच वेळी आईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ती पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती.

दुसऱ्या दिवशी नाव पुकारलं. आमच्याकडे मुलासोबत आईही स्टेजवर येते. कमिटीच्या सेक्रेटरी काकांनी ट्रॉफी पुढे केली आणि माझे तळवे पुन्हा गार पडले. पण या वेळी वेगळंच झालं. मला राग आला. नेमका कुणाचा ते सांगता येणार नाही. मी ट्रॉफी घेतली नाही.

"काका, मी पास नाही."

माईक चालू होता. मागून कुणीतरी ओरडलं, "मग बॅनरवर कोन हाय, जुळा भाऊ?" सगळं विहार हसलं.

"मस्करी बास," काका हळूच म्हणाले. "घे, फोटो काढतायत."

"मस्करी नाही. दोन विषय राहिलेत. एका पेपरातून मी पळून आलो आणि दुसऱ्याला गेलोच नाही. मला भीती वाटते, आणि ती नुसती भीती नाही, आजार आहे. मी सरकारी हॉस्पिटलचं औषध घेतोय. इथं खाली बसलेल्यांत अजून कुणाला होत असेल तर लपवू नका." मग मी काकांकडे वळलो. "आणि नापास झालेल्यांना घरी का बसवता तुम्ही? त्यांनापण बोलवा ना."

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. काकांनी माईक काढून घेतला. आई माझ्याकडे बघत नव्हती, पण स्टेजवरून उतरताना तिनं माझं मनगट धरलेलं होतं.

बदलापूरच्या कात्रपहून आत्या आली होती. घरी येताच सुरू झाली, "असले आजार झाकायचे असतात रे. उद्या मुलगी कोण देईल तुला?"

"आत्या, आधी पेपर तर देऊ दे."

पप्पा आईला म्हणाले, "त्याला सांग, सकाळी तो बॅनर उतरव."

सकाळी मी विहाराची शिडी आणि जाड मार्कर घेऊन गेलो. बॅनर उतरवला नाही. 'पदवीधर'च्या खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: दोन विषय बाकी. पप्पांची कंपनीची बस त्याच नाक्यावरून जाते. चार दिवस ते त्याखालून गेले-आले. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "अक्षर तरी नीट काढायचं."

त्यानंतर आमच्याच गल्लीतली एक मुलगी पाण्याच्या टाकीजवळ भेटली. ती बारावीत नापास झाली होती आणि घरचे सांगायचे, नाशिकला मामाकडे गेलीये.

"दादा, मी नाशिकला नाहीये."

"माहितीये. खिडकीत दिसतेस."

"त्या हॉस्पिटलला कुठल्या वारी जायचं असतं?"

ती, तिची आई आणि मी, तिघं मिळून शेअर रिक्षानं हॉस्पिटलला गेलो. तिची आई सगळी वाट तोंडावर पदर धरून बसली होती. येताना पदर खांद्यावर होता. याहून जास्त मला सांगता येणार नाही, ते त्यांचं आहे.

हिवाळ्यात पुन्हा परीक्षा झाली. हॉस्पिटलच्या मॅडमनी मला एकच काम दिलं होतं: "पळावंसं वाटलं तर पेन खाली ठेव, पाय जमिनीला टेकव आणि दहा मिनिटं नुसता बस. लिहायचं नाही, बसायचं." कॉस्टिंगच्या पेपरात मी तीन वेळा पेन खाली ठेवलं. तिसऱ्या वेळी सुपरवायझर बाई विचारायला आल्या, "लिहिणार आहेस की जाणार?" मी म्हटलं, "बसणार आहे." आवाज नको तितका मोठा निघाला. दोन मुलं वळून बघायला लागली. बघू देत. शेवटची घंटा होईपर्यंत मी बाकावर होतो. इकॉनॉमिक्सलाही होतो.

मग निकाल लांबत गेला. आत्याचा फोन यायचा, काका विहारात विचारायचे, "लागला का रे?" मी सांगायचो, नाही लागला, आणि लागला की स्वतः येऊन सांगेन, काहीही असला तरी.

इथवर लिहून झालं आणि आत्ता वर्गातल्या मित्राचा फोन आला. तो बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहतो, माझा सीट नंबर त्याच्याकडे होता. आई समोर धागे कापत होती, म्हणून मी स्पीकर लावला.

"भाई, बैठा है क्या? आधी बस."

"बसलोय. बोल."

"कॉस्टिंग निघाला तुझा. इकॉनॉमिक्स राहिला यार, तीन मार्कांनी."

आईनं कात्री खाली ठेवली. "राहिला म्हणजे परत बसायचं ना?" ती फोनकडे वाकून म्हणाली. "फॉर्मची तारीख विचार त्याला."