राखेतला दात

दातांच्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास आला, की मला अकोल्यातली ती दुपार आठवते. मी नवी शिक्षिका होते, दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेबांसमोर इंग्रजीचा धडा घ्यायचा होता, आणि जेवणानंतर पाहते तर समोरच्या दातावरची तात्पुरती टोपी नाहीशी! ती ताटातूनच गेली असणार असं ठरवून मी भांडी घासणाऱ्या मावशींवर ओरडले, "डोळे मिटून घासता का?" "मले काय मालूम बाई, तुमचा दात ताटात हाय म्हून?" असं म्हणत त्या उन्हात बसून ओली राख आणि खरकटं बोटांनी चाळत राहिल्या. त्या गेल्यावर टोपी माझ्याच रुमालात सापडली. तोंड पुसताना निघाली होती. डॉक्टरांकडून ती बसवून घेतली. संध्याकाळी मावशी हसल्या, "सापडला वाटते! कुठी होता?" मी म्हणाले, "तुमच्या राखेतच." त्यांचा चेहरा उतरला. "मंग माहंच चुकलं, बाई." धडा चांगला झाला. पण त्यानंतर मावशी माझं ताट आधी बोटांनी चाचपून मगच घासायच्या. मी ते रोज पाहत होते. बाळांनो, खरं काय ते आज पहिल्यांदा लिहिते आहे.