बिनविरोध सरपंच

आमच्या ग्रामपंचायतीचं कार्यालय वॉटर पार्कच्या जुन्या तिकीट खिडकीमागे आहे. खिडकी कुणी बंद केलेली नाही. त्यामुळे रविवारी पुण्याहून आलेली माणसं तिथून हात आत घालतात आणि लॉकरची किल्ली मागतात. आमचे ग्रामसेवक वर न बघताच डावीकडे बोट दाखवतात. त्यांच्याकडे अजून दोन गावं आहेत, आमच्याकडे ते आठवड्यातून दोनदा येतात. त्यांच्या समोरच्या खुर्चीत मी बसते. मी इथली सरपंच आहे. कुणी विचारलं की मी आधी सांगते, पार्कमध्ये रिसेप्शनला असते. तेही खरंच आहे.

वाडी आमची पुणे-नाशिक रस्त्यापासून आत, मंचर आणि नारायणगावच्या मध्ये, डोंगराच्या पोटाला. खालच्या गावाची ती एक वाडी होती, एवढंच. मी पाचवीत असताना वरच्या उतारावर पार्क आलं. मी मंचरला इंग्रजी शाळेत जायचे. शाळेची व्हॅन फाट्यावर सोडायची आणि तिथून चालत येताना दर आठवड्याला एक नवी घसरगुंडी दिसायची. पुढे पुण्याला कॉलेज झालं, परत आले, आणि पार्कमध्येच नोकरी लागली. वडील पार्कच्या किचनला भाजी देतात. वाडीतल्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी तिथे जातंच.

पार्कला नव्या खोल्या बांधायच्या होत्या आणि एक रस्ता बंद करायचा होता. हा रस्ता म्हणजे वाडीतून वरच्या पाझर तलावाकडे जाणारी मेंढरांची वाट. ती पार्कमधल्या लाटांच्या तलावाच्या आणि पाहुण्यांच्या खोल्यांच्या मधून जायची. पार्क यायच्या आधीपासून ती ग्रामपंचायतीच्या नोंदीत आहे, म्हणून ती बंद करायची तर ग्रामसभेचा ठराव लागतो. खालच्या गावानं कधी नाही म्हटलं नाही. दर वेळी फक्त पुढच्या सभेत बघू म्हणाले.

पार्कचे मॅनेजर नाशिककडचे, मऊ बोलणारे. ते एका संध्याकाळी वाडीच्या देवळात येऊन बसले आणि म्हणाले की तुमची वेगळी ग्रामपंचायत का नाही? वाडीची ही मागणी जुनीच होती. साध्या दाखल्यासाठी खाली उतरायचं, नळाच्या तक्रारीसाठी खाली उतरायचं, याचा सगळ्यांना कंटाळा होता. फरक एवढाच की आता मागणीला गाडी मिळाली आणि वकील मिळाला. लोकसंख्या कमी पडत होती, तर स्टाफ क्वार्टरमधल्या कामगारांची नावं वाडीत आली. ते राहतातच इथे, त्यात खोटं काही नव्हतं. कचेऱ्यांमध्ये फाइल घेऊन जायला वाडीतलं कुणीतरी शिकलेलं हवं होतं, म्हणून मी जायचे. पुण्याच्या त्या लांब व्हरांड्यांमध्ये फाइल मांडीवर घेऊन बसलेली मी मला आठवते. आपण गावासाठी काहीतरी करतोय असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

वेगळी ग्रामपंचायत मंजूर झाली. खालच्या गावानं कुरकुर केली आणि मग सोडून दिलं. टोमणे मात्र राहिले. मंचरच्या बाजारात एकानं वडिलांना विचारलं, "काय राव, आता दाखला पाहिजे असंल तर पोहायची चड्डी घालून यायचं का?" वडील हसले. घरी येऊन त्यांनी आम्हालाही सांगितलं आणि पुन्हा हसले.

सरपंचपदाची सोडत निघाली, ती महिलेसाठी. माझं नाव कसं पुढे आलं ते मला कुणी नीट सांगितलं नाही. मी वाडीतली, जुन्या खातेदार घरातली, पार्कच्या नोकरीतली. शिवाय कमी बोलणारी. हा गुण म्हणून मोजला गेला. मला हो किंवा नाही असं कुणी विचारलंच नाही. पेढे घरी आले तेव्हा मला कळलं, आणि पेढ्यांसमोर नाही म्हणणं मला जमलं नाही.

आमच्याकडे निवडणूक बिनविरोध करण्याची रीत आहे. मतदान झालं तर भावाभावांत तेढ येते, म्हणून माघारीच्या दिवसापर्यंत जाणती मंडळी घरोघर फिरतात, चहा पितात, समजूत काढतात. जो माघार घेतो त्याला देवळासमोर नारळ देतात, टॉवेल टोपी देतात. बाई असेल तर साडी देतात. खालच्या गावात हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. वेगळे झालो तरी पहिल्याच निवडणुकीला आपल्यात फूट दिसायला नको, असं सगळ्यांचं म्हणणं होतं.

माझ्याविरुद्ध एकच अर्ज आला. तो आत्यांचा होता.

त्या माझ्या सख्ख्या आत्या नाहीत. त्यांचं घर धनगरांचं, आमच्या घरामागे, पण वाडीच्या नात्यानं आत्या. शाळेतून आल्यावर आई शेतावर असली की मी त्यांच्या अंगणात दप्तर टाकून बसायचे. त्या काही विचारायच्या नाहीत, मला तेच आवडायचं. वाडीत तेव्हा मेंढरं त्यांच्याकडेच उरली होती. नवरा वारला, मुलगा चाकणला कंपनीत. मेंढरांना पाण्यावर न्यायला दोनच वाटा. एक पार्कमधून वरच्या तलावाकडे, उघडी, माळाची. दुसरी खाली कालव्याकडे, दोन्ही बाजूंनी उसाची. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. लहान पोरालासुद्धा हे माहीत असतं.

म्हणून त्यांनी अर्ज भरला होता. सरपंच व्हायची त्यांना हौस नव्हती. वाट राहावी, इतकंच.

मंडळी त्यांच्याकडे गेली तेव्हा मला सोबत नेलं. तुझं ऐकतील, असं वडील म्हणाले. अंगणात बाजेवर चार जण बसले, मी उभी. आत्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि बोलणं बराच वेळ पावसावर आणि कांद्यावर चाललं. शेवटी कुणीतरी विषय काढला. आत्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, "पोरी, तुला व्हायचंय का सरपंच?"

मी म्हणाले की सगळे म्हणताहेत.

"सगळ्यांचं ऱ्हाऊ दे. माझ्या वाटंचं काय?"

वडील माझ्याकडे बघत होते. त्यांच्यासमोर वाट बंद होऊ देणार नाही असं मला म्हणता आलं नाही. मी म्हणाले, "आत्या, विषय सभेतच येणार. तुम्ही तिथे हरकत घ्या. मी ती लिहून घ्यायला लावीन, मग कुणाला काही करता येणार नाही." पुण्याला कचेऱ्यांतून फिरताना मी हेच शिकले होते. हरकत लिहिली गेली की काम थांबतं.

आत्या हसल्या. "मी कशाला बोलू? तू हाईस की तिथं."

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. मंडळी हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज मागे घेतला आणि देवळासमोर नारळ घेतला. साडी मी त्यांच्या हातात दिली, फोटोही निघाला. नव्या पंचायतीची पहिली निवडणूक बिनविरोध, म्हणून मॅनेजरांनी पार्कच्या गेटवर फ्लेक्स लावला.

ग्रामसभा पार्कच्या बँक्वेट हॉलमध्ये झाली, कारण एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा वाडीत नाही. खुर्च्यांना पांढरी कव्हरं होती, मागे सोनेरी फिती बांधलेल्या. एसीमुळे म्हाताऱ्यांनी मफलर गुंडाळले होते. आत्या आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत. दाराजवळ भिंतीला टेकून, चवड्यांवर बसल्या. मला बरं वाटलं. हरकत घ्यायला आल्यात, असं मी धरलं.

ग्रामसेवकांनी एकेक विषय वाचला. नळ, दिवाबत्ती, मग रस्ता. पाहुण्यांना त्रास होतो, लेंड्या पडतात, आरोग्याचा प्रश्न आहे, तरी सदर वाट बंद करून जनावरांसाठी कालव्याची पर्यायी वाट वापरावी. मॅनेजर मागे उभे होते. ग्रामसेवकांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

मी आत्यांकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी मान किंचित हलवली, बोला अशा अर्थानं. त्यांनीही तशीच मान हलवली. मला अजून दिसतं ते. आम्ही दोघी एकमेकींना खुणावत होतो आणि हॉलमध्ये फक्त एसीचा आवाज होता. समोर वडील बसले होते, माझ्या पगाराचे साहेब मागे उभे होते. ग्रामसेवकांनी पुन्हा विचारलं, थोडं थांबले, आणि म्हणाले, "हरकत नाही. सर्वानुमते मंजूर." लोक सामोसे घ्यायला उठले. मी दाराकडे गेले तोवर आत्या निघून गेल्या होत्या.

घरी जेवताना मी वडिलांना विचारलं की आत्या बोलल्या का नाहीत. त्यांना माझ्या विचारण्याचं नवल वाटलं. "नारळ घेतलाय तिनं. माघार घेतली की त्या सरपंचाच्या काळात सभेत विरोधात बोलायचं नसतं. नाहीतर माघारीला काय अर्थ?"

"मग त्यांची बाजू कोण मांडणार?"

"ज्याच्यासाठी माघार घेतली, त्यानं मांडायची." त्यांनी भाकरी मोडली. "तुला म्हाईत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. जन्मापासून इथे राहते, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. यावर मी काही दिवस स्वतःची समजूत घातली, की हा गैरसमज झाला, दोष कुणाचाच नाही. ते टिकलं नाही. रीत माहीत नसली तरी तोंड मला होतं. हरकत माझी आहे, असं म्हणायला कुठल्याही रितीनं मला अडवलं नव्हतं. मी आत्यांच्या हरकतीच्या मागे उभी राहायला तयार होते, पुढे नाही.

वाटेवर जाळी लागली. आत्या कालव्याच्या वाटेनं जाऊ लागल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर मोठ्यानं लावलेली गाणी, कारण आवाजाला बिबट्या लांब राहतो म्हणतात. रिसेप्शनच्या काचेतून मला ती वाट दिसत नाही. संध्याकाळी कामावरून सुटले की मी जिथून ती दिसते त्या फाट्यापर्यंत जाऊन मेंढरं परत येईपर्यंत थांबायचे आणि ती दिसली की वळून घरी यायचे. पावसाळ्यानंतर, ऊस डोक्याच्या वर गेला तेव्हा, एक गाभण मेंढी गेली. उसाच्या कडेनं लोकर सापडली. वनखात्याची माणसं येऊन पंचनामा करून गेली. सरपंच म्हणून त्यावर माझी सही आहे.

तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःहून काही केलं. वाट पुन्हा उघडण्याचा विषय पुढच्या ग्रामसभेच्या नोटिशीत घातला. ग्रामसेवक म्हणाले, मॅडम, नक्की? मी नक्की म्हणाले. मॅनेजर मला कामाच्या वेळेत चहाला बोलवायचे, ते बंद झालं. वडील आठवडाभर माझ्याशी मोजकं बोलत होते. किचननं दुसऱ्या माणसाकडून टोमॅटो मागवल्याचं आईनं मला सांगितलं. रात्री मी पाठ करत होते, "माझी हरकत आहे", एवढंच, आणि तेही मला नीट म्हणता येत नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी आत्या कार्यालयात आल्या. पहिल्यांदाच. तिकीट खिडकीतून आत बघितलं, मग दारातून आल्या. खुर्चीवर बसल्या.

"मेंढरं दिली मी," त्या म्हणाल्या. "पारनेरकडं भाचा हाय. सोमवारी टेम्पो घिऊन आला व्हता."

मी म्हणाले, "आत्या, उद्या सभा आहे. विषय घेतलाय मी."

"म्हाईत हाय. म्हणून तर आले." त्यांनी पदरानं टेबलाची कड पुसली, काही नसताना. "आता कशाला घरात वाकडं घेतीस? मेंढरू न्हाई तर वाट कुणाला पायजेल?"

मी म्हणाले की वाट सगळ्यांची आहे, उद्या कुणाला लागेल. माझा आवाज मलाच पोकळ वाटला. त्यांनी ऐकून घेतलं. मग चाकणच्या मुलाकडे जायचं चाललंय, पण तिथे करमेल असं वाटत नाही, एवढं बोलून त्या उठल्या.

त्या गेल्यावर मी ग्रामसेवकांना सांगितलं की तो विषय काढून टाका. त्यांनी रेघ मारली. मला एकदम हलकं वाटलं, खांदे खाली आले, भूक लागली. मी डबा उघडला आणि पोटभर जेवले.