हेलेनाबाईंच्या वर्गात उभं राहायचं

फिनलंडच्या एका विद्यापीठाबरोबर आमच्या कर्जतच्या कॉलेजने भूगोलाचा ऑनलाइन जोडवर्ग सुरू केला, तेव्हा वाटलं होतं की फायलीत अहवाल साठतील. साठले ते किस्से. स्टाफरूममध्ये चहा आला की एक तरी निघतोच.

पहिल्याच दिवशीचा घ्या. कॉम्प्युटर लॅबमध्ये एकेका मशीनसमोर एकेक मूल. पडद्यावर तिकडच्या शिक्षिका हेलेनाबाई आल्या आणि सवयीने सगळा वर्ग उभा राहिला. बाईंना दिसली ती नुसती पोटं! त्या घाबरून म्हणाल्या, "सगळे निघालात का?" आमच्याकडे शिक्षक आले की उभं राहतात, हे मी समजावून सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "मग 'बसा' कसं म्हणतात ते मला शिकवा," म्हणाल्या, आणि शिकल्या.

*

तिकडची मुलं आधी विचार करतात आणि मग बोलतात. एवढी शांतता आम्हाला सोसत नाही. जरा थांबलं कोणी की आमची अख्खी लॅब ओरडायची, "हॅलो, आवाज येतोय का?"

शेवटी तिकडचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "येतोय. म्हणूनच विचार करता येत नाहीये."

*

ऑक्टोबर संपताना ते लोक घड्याळं तासभर मागे घेतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तासभर रिकाम्या पडद्याकडे बघत बसलो. प्राचार्यांना कारण सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यात काय नवल? आपल्या ऑफिसातलं बाराही महिने मागंच असतं."

*

सुनीता पळसदरीची. वर्ग संध्याकाळी, म्हणून ती घरून फोनवर यायची. मागे खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून, तिचे बाबा. गवंडीकाम करून आलेले, इंग्रजीचा गंध नाही, पण बाई आल्या की तेही उभे! शेवटच्या तासाला ज्याचं सादरीकरण उत्तम होईल, त्याला एक सत्र फिनलंडला शिकायला मिळणार होतं. ते पोरीला मिळावं, एवढाच त्यांचा ध्यास.

मी एकदा म्हटलं, "काका, तुम्ही तरी बसा."

"पोरीच्या बाई हायेत त्या, सर. आमी बसून कसं चालंल?"

फिनलंडची मुलं त्यांना हात करू लागली. हजेरी घेताना बाई सुनीतानंतर "सुनीताचे बाबा" असं चक्क मराठीत म्हणू लागल्या. ते पुढे वाकून "हजर" म्हणायचे आणि सुनीता लाजून मान खाली घालायची.

*

शेवटच्या तासाच्या आठवडाभर आधी बाबा गेले. कामावरच, हार्टअटॅकने. सुनीताला पळसदरीच्या धरणावर बोलायचं होतं. मी घरी जाऊन म्हटलं, "पुढं ढकलू या गं."

"नाय सर. त्यांनी शर्टाला इस्त्री करून ठेवली हाय."



त्या संध्याकाळी तिच्या मागच्या खुर्चीवर तो शर्ट होता. हेलेनाबाईंना मी कळवलं होतं. नावं घेत त्या सुनीतापर्यंत आल्या. "हजर," ती म्हणाली. बाईंनी पुढचं नाव घेतलं, "सुनीताचे बाबा."

आमच्या लॅबमधूनही कुणी आवाज येतोय का म्हणून विचारलं नाही. मग तिकडची मुलं, जी कधीच उठत नाहीत, एकेक करून उभी राहिली. पडद्यावर नुसते स्वेटर आणि पट्टे.

सुनीताने मागे वळून खुर्चीकडे पाहिलं.

"बसा," ती म्हणाली, आणि धरणाबद्दल बोलायला लागली.