मोहाच्या झाडाखाली पहिला धडा

परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठाचा मी इंटरनेटवरचा फुकटातला विद्यार्थी होतो आणि दोन महिन्यांत तिथल्या सरांचं एकही वाक्य पूर्ण ऐकलेलं नव्हतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं (म्हणजे त्याच्या मनात आलं तर!). सरांनी तोंड उघडलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर चक्र फिरायला लागायचं. बाबांचा लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावायचा धंदा. त्यांनी शेवटी बजावलं, "मोहाचा हंगाम सरेपर्यंत एक धडा पुरा आयकून दाखव. नाई तं फोन कापतो आन् तुले भोंगे बांधाले नेतो!"

भोंग्यांपेक्षा मला मरण परवडलं असतं.

कॉम्प्युटरचे स्पीकर उंदरांनी कुरतडले होते, म्हणून मी कॉम्प्युटरची वायर बाबांच्या ॲम्प्लिफायरला जोडली. एका पहाटे धडा लावला, चक्र फिरू लागलं. ते फिरत ठेवून मी माय आणि शेजारच्या शेवंताकाकूबरोबर मोहफुलं वेचायला गेलो.

रान त्या दिवशी जरा जास्तच गप्प होतं. उजाडलं होतं, पण झाडांखाली अजून अंधारच. अचानक वानरं सरसर शेंड्यावर चढली. आणि झाडांमधून एका पुरुषाचा आवाज आला. संथ, भारदस्त. माणूस मात्र कुठंच नाही! त्यानं काहीतरी विचारलं, तो थांबला, आणि मग शंभर माणसं हसली.



"इंग्रजी हाय वाटते," माय कुजबुजली. "तू शिकून राह्यला ना? काय म्हणते थो?"

पुन्हा आवाज आला. मी कान दिला. "विचारून राह्यला... कोणाले काई शंका हाय का म्हणून."

"नाई म्हण त्याले!" काकू माझ्यामागे दडत म्हणाली. "काईच शंका नाई म्हण, बापा!"

"नो, सर!" मी ओरडलो. (सर का म्हणालो, देव जाणे!)



"गुड," रान म्हणालं.

टोपल्या तिथंच टाकून आम्ही पळालो. मायच्या पुढे काकू, काकूच्या पुढे मी! थेट गोठ्यात घुसलो आणि कानांत बोटं घालून कडब्याआड बसलो.

बऱ्याच वेळानं बाबांनी मला ओढून बाहेर काढलं.

"आजच्या लग्नासाठी रानाच्या कडेले कालच भोंगे बांधले होते," ते म्हणाले. "सकाळी भोंग्याची मशीन लावली, तं आवाजच नाई! म्हून बटन पुरं फिरवलं आन् तार पाहाले निंगालो. तेवढ्यात तुहं चक्र थांबलं अन् तुहा मास्तर बोलाले लागला!"

मी स्वतःच्याच सरांना ओळखलं नव्हतं! ओळखणार तरी कसा? ते सलग बोलू शकतात हेच मला ठाऊक नव्हतं.

"अख्ख्या गावानं धडा शेवटपर्यंत आयकला," बाबा म्हणाले. "म्हशीनंबी आयकला. तू आयकला ना?"

धडाभर कानांत घातलेली बोटं मी हळूच पाठीमागे लपवली. आजतागायत त्याच बोटांनी भोंग्यांच्या तारा जोडतोय!