एक थेंब जास्त

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत शकुचं काम म्हणजे मापून थेंब टाकणं. नळीत दोन जातींचे रेणू सोडायचे, लाल आणि हिरवे म्हणू. भेटले की ते एकमेकांना आपल्यात ओढतात, आणि जे मुळात जरा जास्त, शेवटी सगळी नळी त्यांची.

"चिप नाही, वायर नाही, शकुताई," जान्हवी मॅडम कौतुकानं म्हणायच्या. "जास्त कोण, हा हिशोब रसायनच करतं."

"मग आमच्या सोसायटीच्या कमिटीत ओता की दोन बाटल्या, तिथे काही ठरतच नाही," असं शकु एरवी म्हणाली असती. आज तिनं नुसती पुढची नळी उचलली.

आई घाटकोपरच्या एका इस्पितळात श्वासाच्या मशीनवर होती. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी सरळ सांगितलेलं, ती आता उठायची नाही. मशीन ठेवा, नाहीतर काढून घरी न्या. धाकटा भाऊ प्रबुद्ध सकाळी म्हणे ठेवूया, दुपारी म्हणे नेऊया. शकुला विचारलं की ती म्हणे, "तू ठरव रे." रडूही येत नव्हतं. डबा खाल्ला, भाजी कसली होती ते आठवेना.

आजच्या नळ्या बरोबरीच्या होत्या. लाल तेवढेच हिरवे.

"मग जिंकणार कोण?" शकुनं मॅडमना विचारलं.

"कोणीही. जरा वेळ अडून बसतं, मग कुठेतरी कलतंच."

फोन वाजला. प्रबुद्ध. "ताई, डॉक्टर समोर उभा आहे. बोल ना काहीतरी! सगळं माझ्याच डोक्यावर काय?"

"करते फोन," म्हणून तिनं ठेवला.

शेवटची नळी उरली होती. लाल टाकले, हिरवे टाकले. मग पिपेट पुन्हा हिरव्यात बुडवली आणि आणखी एक थेंब सोडला. बरोबरीत मुद्दाम भर घालायची तिची ही पहिलीच वेळ.

"मॅडम, ही नळी मोजू नका. हिरवा जास्त पडलाय."

"चुकून?"

"नाही."

जान्हवी मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि नळी बाजूला ठेवली.

शकुनं पॅसेजमध्ये जाऊन फोन लावला. "प्रबुद्ध, घरी नेऊया आईला. मी म्हटलं म्हणून सांग."

पलीकडे त्यानं डॉक्टरांना 'एक मिनिट' म्हटलं. मग, "नक्की ना गं?"

"हां. घरी खाटेवरची चादर बदलून ठेवायला सांग. निघते मी."

हातमोजे हातातच राहिले होते. खाली रिक्षा मिळाली. 'घाटकोपर' म्हणाली तो आवाज आपलाच, एवढंच तिला कळलं.