हेलिकॉप्टरमधली तिसरी जागा

माझा मावसभाऊ हेलिकॉप्टरमध्ये बसला आणि मी बसलो नाही. या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली की सांगायला हरकत नसावी, पण सांगताना अजूनही पोटात दुखतंच. मला त्या यंत्रातलं कळत होतं. त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. आणि बसला तो.

पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. आमचं गाव गोंडपिपरीच्या पुढं, वैनगंगेच्या अंगाला. जिल्हा तेव्हा चांदा. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. धानाची मळणी होऊन खळी रिकामी झाली होती, तेव्हा जंगलाच्या पाहणीसाठी एक साहेब हेलिकॉप्टर घेऊन आले आणि गावाबाहेरच्या मोठ्या खळ्यात उतरले. पुढं काचेचा गोल फुगा, मागं उघड्या नळ्यांची शेपटी, खाली टेकायला दोन लांब लोखंडी पाय, आणि आत एकाला एक लागून तीन जागा. एक पायलटची, मधली साहेबांची. तिसरी रिकामी होती. वरून नाले, वाटा, वस्त्या ओळखून सांगेल असा गावातलाच कोणी तिच्यावर बसवायचा होता.

त्यांचा मुक्काम शाळेतच होता, त्यामुळे पायलट माझ्या तावडीत सापडला. उत्तरेकडचा हसरा माणूस, मला मास्टरजी म्हणायचा. मी त्याला पहिलंच विचारलं, वरचा पंखा एकीकडं फिरतो तर खालचा डबा उलटीकडं काऊन फिरत नाही? तो खूश झाला. ‘‘घूमना तो चाहता है, इसीलिए पूँछ पे छोटा पंखा है.’’ मला लगेच डोंगा आठवला. डोंग्यात उभं राहून बांबू जोरात उजवीकडं फिरवला की डोंग्याचं तोंड डावीकडं जातं. नदीकाठी वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. शेपटीचा पंखा त्या उलट्या फिरण्याला सतत आडवा रेटा देत असतो, आणि तो रेटा कमीजास्त करायला पायलटच्या पायाखाली पट्ट्या असतात.

मग काठी. पायलटच्या दोन गुडघ्यांमधली ती काठी यंत्राला कलवत नाही, वर फिरणाऱ्या पंख्याची जी चकती दिसते तिला कलवते. खालचा डबा चकतीला टांगलेला, तो मागाहून जातो, थोडा उशिरा. सगळी मेख त्या उशिरात आहे. यंत्र एकीकडं कललं म्हणून नवशिक्या काठी दाबतो, परिणाम दिसत नाही म्हणून आणखी दाबतो, आणि मग दोन्हींचा परिणाम एकदम येऊन यंत्र दुसरीकडं दुप्पट कलतं. चालती सायकल क्षणभर हात सोडला तरी सरळ जाते. हे यंत्र हवेत जागच्या जागी उभं असताना हात सोडून चालत नाही. चांगल्या पायलटचा हात थोडाच हलतो, पण थांबत नाही.

शेवटी त्यानं काठीची हद्द सांगितली. वजन एका बाजूला जास्त झालं तर नुसतं सरळ राहायलाच काठी दुसऱ्या बाजूला धरून ठेवावी लागते. मग खरी गरज पडली की सरकवायला जागा कुठली? ‘‘डंडा ख़त्म, तो पायलट भी सवारी,’’ तो म्हणाला. मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर चित्र काढून मी पोरांना ते शिकवलं. तिसरी जागा माझी, यात मला तिळमात्र शंका नव्हती. एवढं समजणारा दुसरा होता कोण?

मावसभाऊ होता. जंगलखात्यात नाकेदार, अंगानं सुकलेल्या बोंबलासारखा, सातवी नापास. साहेबांनी विचारलं, अमुक नाल्याच्या पलीकडं काय? मी नकाशा आणायला उठलो, तोवर ह्यानं बसल्या जागी पलीकडची वस्ती, तिची विहीर आणि पाटलाच्या कुत्र्याचा रंगसुद्धा सांगून टाकला. तरी साहेब माझ्याकडं बघत होते. मग पायलट म्हणाला की वजनही पाहावं लागेल, आणि आम्हा दोघांना किराण्याच्या दुकानातल्या धान्याच्या मोठ्या काट्यावर नेलं. अख्खं गाव तमाशा बघायला जमलं. मावसभाऊ पारड्यात बसला तेव्हा दुकानदारानं वजनं काढली. मी बसलो तेव्हा त्यानं वजनं टाकली, आणखी टाकली आणि शेवटी म्हणाला, ‘‘मास्तर, तुमच्यासाठी शेजारून वजनं आणा लागते.’’ हशा पिकला. जागा गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही. अंगाचा तिळपापड म्हणतात तो काय असतो ते मला तेव्हा कळलं. मावसभाऊ वर गेल्यावर घाबरून ओकावा, असंही मनात आलं. येऊ दे. जळत होतो, आणि चेहऱ्यावर ते लपत नव्हतं. ज्याला त्याला मी सांगत सुटलो होतो की त्याला बसवणं म्हणजे गाढवापुढं वाचली गीता.

सकाळी सगळा गाव खळ्यात. पाटलानं पायलटला आणि साहेबांना हार घातले, चहाला एका बाजूला नेलं. पायलट यंत्राभोवती एक फेरी आधीच मारून आला होता. हेलिकॉप्टर पलीकडं ज्या गावाला उतरणार होतं तिथं मावसभावाची बहीण दिली होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. आमच्याकडं लेकीच्या गावाला कोणी जातो आहे म्हटल्यावर रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. बैलगाडीनं जाणारा असो की पायी, नव्या तांदळाचं पोतं त्याच्या गळ्यात पडतंच. हेलिकॉप्टरला दोन्ही बाजूंनी जखमी माणसाला आडवं बांधून न्यायचे लांब ट्रे होते. मावशीनं उजवीकडच्या ट्रेमध्ये, म्हणजे आपल्या लेकाच्या बाजूला, पोतं ठेवून दोरानं आवळलं, वर भोपळा, आणि धूळ लागू नये म्हणून सगळ्यावर घोंगडी. पायलट चहा पिऊन डाव्या बाजूनं आला आणि आत चढला. त्याला उजवीकडचं काही दिसलंच नाही.

मला दिसलं. मी ओरडलो, ‘‘मावशी, पोतं काढ! एका बाजूले वजन झालं, हे पलटी खाते!’’

मावशीनं कमरेवर हात ठेवले. ‘‘काऊन काढू? लेकीले तांदूळ नाई पाठवू का मी?’’

‘‘अगं, काठी पुरणार नाई त्याले!’’

‘‘मास्तर जळून राह्यला गा!’’ मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. ‘‘काट्यावर हरला, आता पोत्यावर राग!’’

मी पुढं धावलो तर कोतवालानं दंड धरला. पंखा फिरायला लागला होता, माझा आवाज मलाच ऐकू येईना. आदल्या दिवसापासून इतकं जळून घेतलं होतं की खरं सांगायची वेळ आली तेव्हा माझ्याकडं विश्वास ठेवण्याजोगं तोंडच उरलं नव्हतं.

यंत्र हलकं झालं. त्याचा डावा पाय जमिनीवरून सुटला, उजवा सुटेना. सगळं उजवीकडं कलायला लागलं. काचेतून मला पायलटचा हात दिसला, काठी पार डावीकडं टेकलेली. तिथून पुढं सरकवायला काहीच नव्हतं. मला फळ्यावरचं माझं चित्र दिसत होतं. त्यानं त्याच क्षणी पंख्याचा जोर काढून घेतला. डावा पाय धाडकन खाली आला, धूळ उडाली, बाया किंचाळल्या.

पायलट उतरला, वळसा घालून आला, घोंगडी उचलली. ‘‘ये चावल किसका है?’’ सगळ्यांनी मावशीकडं पाहिलं. भोपळा त्यानं स्वतः उचलून मावशीच्या हातात दिला. पोतं निघालं. घामेजलेल्या तोंडानं मी म्हणालो, मी सांगत होतो, मी सांगत होतो. माझ्याकडं कोणी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण वेगळ्याच नजरेनं. कुजबुज माझ्या कानापर्यंत आली: मास्तराची नजर लागली.

तेवढ्यात गर्दीतून माझी आई पुढं आली. पदराखालून तिनं मीठ-मिरच्या काढल्या आणि मावसभावावरून उतरवल्या. मग थोडा विचार करून यंत्राच्या काचेवरूनही उतरवल्या, आणि बाजूच्या शेकोटीत टाकल्या. माझी सख्खी आई. कोणाची नजर, हे तिनं विचारलं नाही.

मग ते उडालं. खळ्यावर माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर क्षणभर उभं राहिलं, जराही न हलता, आणि नाक खाली करून नदीकडं गेलं. मावसभाऊ हात हलवत होता. तो ओकलासुद्धा नाही.

दुपारी जेवताना मी आईला सगळं समजावलं. चकती, टांगलेला डबा, पोतं, काठीची हद्द. ताटातल्या भाताच्या ढिगाला एका बाजूनं बोट दाबून दाखवलं. तिनं वाढता वाढता शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘समजलं मले,’’ ती म्हणाली. ‘‘पोत्यानंच झालं. तू खोटा नाई.’’

मी म्हणालो, ‘‘मंग मिरच्या काऊन उतरवल्या?’’

तिनं माझ्या पानात वरण वाढलं. ‘‘पोतं तर काढलं होतं बापा त्याईनं. तू तं तिथंच उभा होता.’’