रिव्हर्स कॅमेरा, बाबा आणि पवनानगरचा बांबू

नवी गाडी घेऊन महिना झाला तरी बाबा तिच्यातून कुठे लांब आले नव्हते, म्हणून रविवारी त्यांना लोणावळा-पवना फिरवून आणायचं ठरवलं. चिंचवडहून सकाळी सातला निघालो. जुन्या हायवेने जाणार असाल तर वडगावला नाश्ता उरकून घ्या, नऊनंतर लोणावळ्यात गाडी पुढे सरकत नाही.

बाबा बत्तीस वर्षं लाल डब्यात कंडक्टर होते. बस मागे घ्यायची झाली की ते उतरून मागे उभे राहायचे. पत्र्यावर दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक म्हणजे थांबा. ते निवृत्त झाले, सवय निवृत्त झाली नाही. गाडीला मागे कॅमेरा आहे, समोर स्क्रीनवर हिरवी, पिवळी, लाल रेघ दिसते, हिरवी म्हणजे जागा आहे, लाल म्हणजे थांबा, हे मी त्यांना दहादा सांगून झालं होतं. तरी वडगावला उतरलेच. लोणावळ्यात तर चिक्कीच्या दुकानासमोर, भर ट्रॅफिकमध्ये, नव्याकोऱ्या डिकीवर धपाधप थापा. मागचे हॉर्न वाजवतायत, दुकानातले बघतायत. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, लोक हसतात. आत बसा."

ते मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसले, चिक्कीची पिशवी मांडीवर घेऊन.

तिथून पवनेला औंढ्यावरून जा. रस्ता अरुंद आहे आणि दुधिवरे खिंडीत चढ अंगावर येतो, पण खिंड ओलांडली की धरणाचं पाणी दिसतं आणि सगळे खड्डे माफ करावेसे वाटतात. बाबांना कसं वाटतंय विचारलं, तर "छान आहे" एवढंच.

पवनानगरला एका घरगुती खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. ठेचा जपून घ्या, डोळ्यांतून पाणी काढतो. निघताना अंगणातून गाडी मागे घ्यायची होती. मागे बांबू भरलेला एक पिकअप येऊन उभा राहिला होता. स्क्रीनवर त्याची चाकं हिरव्या रेघेच्याही पलीकडे दिसत होती.

"थांब," बाबा मागून म्हणाले.

अजून भरपूर जागा आहे, असं मी त्यांना सांगत होते तेवढ्यात मागची काच फुटली.

त्या रेघा जमिनीवरचं अंतर दाखवतात, हवेतलं नाही. कॅमेरा नंबरप्लेटपाशी, त्याची नजर खाली. बांबू हौद्यातून चार हात बाहेर आलेले, थेट काचेच्या उंचीवर. हे सगळं गाडीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात छापलंय, मी घरी आल्यावर वाचलं. तेव्हा मला फक्त बाबांच्या खांद्यावरचे काचेचे तुकडे दिसत होते. बांबूचं टोक त्यांच्या कानापासून वीतभर लांब होतं.

पिकअपवाले भाऊ ताटावरून उठून धावत आले. घाबरले होते मी, पण चिडले त्यांच्यावर. असे बांबू बाहेर काढून कोण गाडी लावतं, म्हटलं.

"ताई, टोकाला लाल फडकं बांदलंय की," ते शांतपणे म्हणाले. "आबा थांब म्हनले ते मला हितं आयकू आलं. तुमी टीव्ही बगत व्हता."

त्यांनीच बाबांचा सदरा झटकून दिला आणि काचेच्या जागी प्लास्टिकचा कागद चिकटवला. कामशेतमार्गे घरी येईपर्यंत तो कागद फडफडत होता आणि मी गाडी बनवणाऱ्यांपासून बांबू तोडणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना बोल लावत होते. स्वतःला सोडून.

आमच्या सोसायटीत गाडी दोन खांबांच्या मधे उलटी लावावी लागते. रिव्हर्स टाकला, स्क्रीन उजळली. मी वाट बघत राहिले. मागचं दार काही उघडलं नाही.

"बाबा, उतरताय ना?"

"लोक हसतील."

त्यात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं. मी खाली उतरले आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"हसू देत. मला मागचं दिसत नाही."

त्यांनी चिक्कीची पिशवी माझ्या हातात दिली आणि मागे जाऊन उभे राहिले. काच नव्हती, त्यामुळे थापा अगदी कानाशी वाजल्या. दोन. परत दोन. मग एक.

स्क्रीनवर अजून हिरवी रेघ होती. मी थांबले.